तीस एकांची संख्या वहीवर कशी फोडायची: देवळालीच्या कापरेकरांच्या वाटेने

संख्या ही घ्या:

१११११ १११११ १११११ १११११ १११११ १११११

तीस अंक आणि सगळे एक. हिचे सगळे मूळ अवयव कागद-पेन्सिलीने पाडायचे, ते खरोखर मूळ आहेत याची खात्री करायची आणि मग त्या अवयवांवरून संख्येचे गुण वाचायचे, एवढे काम या लेखात करू. आठवी-नववीचा भागाकार पक्का असला की पुरे. चौकटीची वही घ्या, कारण इतक्या लांब संख्यांत एक अंक सरकला की पुढचे सगळे वाया जाते.

नाशिकमध्ये हीच संख्या निवडायला कारण आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत शिक्षक होते आणि ते १९८६ साली वारलेही देवळालीतच. कापरेकर म्हटले की बहुतेकांना ६१७४ हा त्यांच्या नावाचा स्थिरांक आठवतो आणि बोलणे तिथेच थांबते. पण नुसत्या एकांच्या संख्यांचे वर्ग, म्हणजे १२१, १२३२१, १२३४३२१, हाही त्यांच्या आवडीचा विषय. त्यांना त्यांनी डेम्लो संख्या म्हटले. आजच्या डोंबिवली स्थानकाचे ते जुने नाव. आपण जे अवयव पाडणार आहोत ते शेवटी कापरेकर संख्यांच्या दारात नेऊन सोडतात. नाशिकच्या मुलांनी ही वाट एकदा स्वतः चालावी असे मला फार वाटते.

सरळ भागत गेलो तर

संख्येचा एखादा मूळ अवयव शोधायचा तर तिच्या वर्गमुळापर्यंतचे भाजक तपासावे लागतात. आपली संख्या म्हणजे ३० नवांचा नववा भाग, म्हणून तिचे वर्गमूळ १ वर १५ शून्ये भागिले ३, म्हणजे जवळजवळ ३३३३३३३३३३३३३३३. तेही तिनांचीच रांग निघावी, हे मला पाहताक्षणी आवडले होते. पण सेकंदाला एक भाजक तपासला तरी इतके भाजक संपायला सुमारे एक कोटी वर्षे लागतील.

आपल्याला मात्र फार तर काही तास लागतात, कारण या संख्येची ठेवण आपल्याला दिसते आहे. ठेवण दिसत नसली की चित्र पालटते. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करून तयार केलेली आरएसए-२५० ही २५० अंकी संख्या २०२० साली फुटली, तीही प्रचंड संगणकशक्ती लावून. संख्या अवघड आहे की सोपी, हे अंक मोजून कळत नाही.

पहिले काम: एकांचे गट पाडा

तीस एक हे पंधरा-पंधराच्या दोन गटांत लिहा. डावा गट म्हणजे उजव्याच गटावर १५ शून्ये. म्हणून

३० एक = (१५ एक) × १००००००००००००००१

उजवीकडच्या संख्येत दोन एकांच्या मध्ये १४ शून्ये आहेत. तीनतीनचे गट पाडले तर १११ ने भाग जातो, पाचपाचचे पाडले तर १११११ ने. थोडक्यात, ३० ला ज्या ज्या संख्येने भाग जातो तितक्या एकांच्या संख्येने आपल्या संख्येलाही भाग जातो. एकांची मोजदाद संयुक्त असेल तर ती संख्या संयुक्तच. उलटे मात्र खरे नाही: ७ मूळ आहे, तरी सात एक म्हणजे २३९ × ४६४९.

आता १५ एकांना १११ आणि १११११ या दोन्हींनी भाग जातो, आणि या दोघांत समान अवयव नाही. म्हणून दोघांच्या गुणाकारानेही जातो. भागाकार केला की ९००९०९९१ उरते. ताळा करून पाहा. ९००९०९९१ ला १११११ ने गुणायचे म्हणजे तीच संख्या एकेक घर डावीकडे सरकवून पाच वेळा मांडायची:

९००९०९९१
९००९०९९१०
९००९०९९१००
९००९०९९१०००
९००९०९९१००००

बेरीज एकेक ओळ धरून करा. तीन ओळींनंतर १००००१००००१ येते, म्हणजे १५ एकांना १११११ ने भागल्यावर जे येते तेच. पाच ओळी झाल्या की १००१००१००१००१, म्हणजे १११ ने भागल्यावर येते ते. एकाच बेरजेत दोन्ही ताळे मिळतात. हे गणित मुलांना तोंडी सांगून टाकू नका, त्यांच्या हातून घडू द्या.

दुसरा भाग १००००००००००००००१. याला १००१ ने भाग जातो आणि येते ९९९०००९९९००१. तसाच १००००१ नेही जातो. पण १००१ = ७ × ११ × १३ आणि १००००१ = ११ × ९०९१, म्हणजे ११ दोन्हीकडे आहे. एकदा वापरलेला ११ पुन्हा मोजायचा नाही. दुसऱ्या भागाकारात फक्त ९०९१ ने भागायचे. ९९९०००९९९००१ ÷ ९०९१ = १०९८८९०११.

तर आतापर्यंत हाती आले ते असे:

३० एक = १११ × १११११ × ९००९०९९१ × १००१ × ९०९१ × १०९८८९०११

१११ = ३ × ३७ आणि १००१ = ७ × ११ × १३ हे पाठच असते. उरले चार तुकडे: १११११, ९०९१, ९००९०९९१ आणि १०९८८९०११. तीस अंकांचे ओझे नऊ अंकांवर आले.

दुसरे काम: कोणते भाजक तपासायचे ते आधी ठरवा

सगळा वेळ इथे वाचतो, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

१ ला ४१ ने भागत चला. प्रत्येक पायरीला बाकीवर शून्य घ्यायचे आणि पुन्हा भागायचे. बाक्या अशा येतात: १, १०, १८, १६, ३७ आणि पुन्हा १. पाच बाक्यांचे चक्र, म्हणून भागाकारात पाच अंक पुन्हा पुन्हा येतात: ०.०२४३९०२४३९… या पाचाला आपण आवर्तन म्हणू. आता बाकी २ पासून सुरुवात करा: २, २०, ३६, ३२, ३३ आणि पुन्हा २. हेही पाचाचेच चक्र आणि पहिल्या चक्रातली एकही बाकी यात नाही. ४१ ने भागताना शून्य सोडून ४० बाक्या संभवतात. त्या सगळ्या पाचपाचच्या आठ चक्रांत वाटल्या जातात, एकही शिल्लक राहत नाही. म्हणून ५ ने ४० ला भाग जायलाच हवा.

हेच कोणत्याही मूळ संख्येला लागू पडते, २ आणि ५ सोडून. आवर्तन जितके, तितक्याने ‘मूळ संख्या वजा एक’ ला निःशेष भाग जातो. फर्माच्या छोट्या सिद्धांताचा गाभा हाच.

याचा आपल्या तुकड्यांशी संबंध असा. एखाद्या मूळ संख्येचे आवर्तन ५ असेल तर तिने पाच नवांना भाग जातो, आवर्तन ३० असेल तर तीस नवांना. १०९८८९०११ हा तुकडा, लहान गटांतून येणारे सगळे अवयव काढून घेतल्यावर उरलेला आहे. म्हणून त्यात येणाऱ्या प्रत्येक मूळ अवयवाचे आवर्तन बरोबर ३०. अपवाद होऊ शकतो तो फक्त ३० च्याच अवयवांचा, म्हणजे २, ३, ५ यांचा, आणि ते पाहता क्षणी बाद होतात: शेवटचा अंक १ आहे, अंकांची बेरीज ३७ आहे. तेव्हा या तुकड्याचा कोणताही मूळ अवयव ३० च्या पटीपेक्षा एकाने मोठा असणार: ३१, ६१, १५१, १८१, २११, २४१… मधले ९१, १२१ वगैरे संयुक्त आहेत, ते सोडून द्यायचे.

९००९०९९१ साठी आवर्तन १५. पण मूळ संख्या विषम, म्हणून तिच्यातून एक वजा केले की सम संख्या येते आणि पुन्हा ३० चीच पट. १११११ (आवर्तन ५) आणि ९०९१ (आवर्तन १०) यांच्यासाठी १० च्या पटीपेक्षा एकाने मोठ्या संख्या पाहायच्या.

तिसरे काम: आता भागा

१११११: ११ ने भागल्यास बाकी १, ३१ ने बाकी १३, ४१ ने निःशेष. १११११ = ४१ × २७१. २७१ चे वर्गमूळ १६ च्या आसपास, तिथवर फक्त ११ तपासायचा. बाकी ७ उरते, म्हणजे २७१ मूळ.

९०९१: वर्गमूळ ९५ च्या थोडे पुढे. भाजक फक्त पाच: ११, ३१, ४१, ६१, ७१. बाक्या अनुक्रमे ५, ८, ३०, २, ३. एकदाही भाग गेला नाही, म्हणून ९०९१ मूळ. चार अंकी संख्या मूळ आहे हे पाच भागाकारांत सिद्ध झाले.

१०९८८९०११: ३१ ने बाकी २५, ६१ ने १२, १५१ ने १२०, १८१ ने ११०. २११ ने निःशेष, उत्तर ५२०८०१. त्याला पुन्हा २११ लावून पाहा, बाकी ५३. मग २४१: निःशेष, उत्तर २१६१. २१६१ चे वर्गमूळ ४७ च्या आत, म्हणजे फक्त ३१ तपासायचा, बाकी २२. संपले.

१०९८८९०११ = २११ × २४१ × २१६१

९००९०९९१: पहिल्याच भाजकाला, ३१ ला, भाग जातो आणि उरते २९०६१६१. इथे मात्र बसून काम करावे लागते. हिचे वर्गमूळ १७०४ च्या आसपास. तिथवरच्या सगळ्या मूळ संख्या घेतल्या तर अडीचशेहून जास्त भागाकार. आपल्या नियमाने ३१ पासून १६८१ पर्यंत ५६ च संख्या उरतात आणि त्यांतल्याही बऱ्याच संयुक्त. पुन्हा ३१ ने बाकी ४, ६१ ने ६०, १५१ ने १५, असे करत शेवटपर्यंत जायचे. कशानेच भाग जात नाही, म्हणून २९०६१६१ मूळ. गटात करत असाल तर भाजक वाटून घ्या आणि प्रत्येकाचा भागाकार दुसऱ्याने तपासा. घरी एकट्याने करणाऱ्याने एका बैठकीत संपवण्याचा हट्ट धरू नये.

सगळे अवयव चढत्या क्रमाने:

३, ७, ११, १३, ३१, ३७, ४१, २११, २४१, २७१, २१६१, ९०९१, २९०६१६१

तेरा मूळ अवयव आणि प्रत्येक एकदाच. नवाचा ताळा लावून पाहा: तीस एकांची बेरीज ३०, पुन्हा ३. तेरा अवयवांच्या अंकांच्या बेरजा नवाने छाटत गुणत गेलात तर शेवटी ३ च यायला हवे.

अवयव हाती आल्यावर काय दिसते

एक, विभाजक किती. प्रत्येक अवयव घ्यायचा की नाही, असे दोनच पर्याय तेरा वेळा. दोनाचा तेरावा घात ८१९२. हा आकडा लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

दोन, विभाजकांची बेरीज. प्रत्येक अवयवात एक मिळवून गुणाकार केला की ती मिळते: ४ × ८ × १२ × १४ × ३२ आणि पुढे. मूळ संख्येशी तुलना केली तर ती सुमारे १.९७ पट भरते. म्हणजे संख्या स्वतः वगळून बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येच्या ९७ टक्के. बरोबर १०० टक्के भरली असती तर ही विषम परिपूर्ण संख्या ठरली असती, आणि तशी संख्या आजवर जगात कोणालाही सापडलेली नाही. नुसते एक मांडून तयार केलेली संख्या तिच्या इतकी जवळ जाते हे मला विलक्षण वाटते.

तीन, या यादीत १७ आणि १९ का नाहीत याचे उत्तर आता एका ओळीत देता येते. १/१७ चे आवर्तन १६ आणि १/१९ चे १८. दोघांनीही ३० ला भाग जात नाही. याउलट १/७ आणि १/१३ चे आवर्तन ६, १/३७ चे ३, १/९०९१ चे १०, १/२११ चे ३०. यादीतल्या प्रत्येकाचे आवर्तन ३० ला भागणारे.

ही संख्या पूर्ण वर्ग नाही, हे तर अवयव न पाडताही कळते: शेवटी ११, म्हणून ४ ने भागल्यास बाकी ३, आणि वर्गाला ४ ने भागून बाकी ३ कधीच उरत नाही.

देवळाली संख्येची कसोटी

कापरेकरांनी एक साधी क्रिया अभ्यासली. संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ६९ घेतले तर ६९ + १५ = ८४. म्हणजे ८४ हा ६९ पासून जन्मला. जी संख्या अशी कोणापासूनच जन्मत नाही ती देवळाली संख्या. २०, ३१, ४२, ५३ या तशा आहेत.

आपली तीस अंकी संख्या देवळाली संख्या आहे का? जनक शोधायचा तर त्याच्या अंकांची बेरीज आपल्या संख्येतून वजा करून पाहायची. नवाच्या ताळ्यावरून ती बेरीज ६, १५, २४, ३३, ४२ अशीच असू शकते. वजाबाकी शेवटच्या तीन अंकांतच होते, डावीकडचे २७ एक तसेच राहतात. ३३ धरून पाहा: १११ − ३३ = ७८, अंकांची बेरीज २७ + ७ + ८ = ४२, जुळत नाही. ४२ धरा: १११ − ४२ = ६९, बेरीज २७ + ६ + ९ = ४२. जुळले. म्हणजे २७ एक आणि पुढे ०६९ ही संख्या हिची जनक, आणि ही देवळाली संख्या नाही. बाकीच्या शक्यता तपासल्या तर दुसरा जनक मिळत नाही.

कापरेकर संख्या आणि ८१९२

४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. ही कापरेकर संख्या. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९; उजवीकडून सहा अंक तोडा, २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. आता प्रश्न असा: वर्गाचे उजवीकडचे तीस अंक तोडायचे ठरवले तर अशा संख्या किती?

वर्गाचा डावा भाग ‘डा’ आणि उजवा ‘उ’ म्हणा. वर्ग म्हणजे डा गुणिले (१ वर ३० शून्ये) अधिक उ. १ वर ३० शून्ये म्हणजे ३० नव अधिक एक, म्हणून ३० नवांनी भागताना वर्ग आणि डा + उ यांची बाकी सारखीच. आपल्याला डा + उ ही संख्याच हवी आहे. तेव्हा वर्ग वजा संख्या, म्हणजेच ‘संख्या × (संख्या − १)’, याला ३० नवांनी निःशेष भाग जायला हवा. इतके झाले की पुरते, डा + उ आपोआप जुळतात.

३० नव म्हणजे ९ गुणिले आपली संख्या, म्हणजे २७ आणि वरचे ३ सोडून बारा अवयव. लगतच्या दोन संख्यांत समान अवयव नसतो. म्हणून २७ अख्खे एकीकडे किंवा दुसरीकडे, ७ एकीकडे किंवा दुसरीकडे, असे तेराही जणांचे. दोनाचा तेरावा घात: ८१९२. १ ही संख्याही यात मोजलेली आहे. प्रत्येक वाटपाला बरोबर एकच संख्या मिळते. अवयव पाडण्याची सारी मेहनत इथे उपयोगी पडते, कारण तेरा अवयव माहीत नसते तर हा आकडा सांगताच आला नसता.

एक संख्या प्रत्यक्ष तयार करू. ७ सोडून सगळे अवयव संख्येकडे द्या आणि ७ तिच्या आधीच्या संख्येकडे. म्हणजे हवी ती संख्या ३० नवांच्या सातव्या भागाची पट असणार. तो सातवा भाग म्हणजे १४२८५७ पाच वेळा. १४२८५७ ला ७ ने भागल्यास बाकी १, पाच वेळा म्हणून बाकी ५. आपल्याला बाकी १ हवी. ५ × ३ = १५, बाकी १. म्हणून तिप्पट करा:

४२८५७१ ४२८५७१ ४२८५७१ ४२८५७१ ४२८५७१

हिच्या वर्गाचे दोन भाग:

१८३६७३ ४६९३८७ ७५५१०२ ०४०८१६ ३२६५३०
२४४८९७ ९५९१८३ ६७३४६९ ३८७७५५ १०२०४१

उजवीकडून हातचे धरत बेरीज करा, पाचही गटांत ४२८५७१ येते. एकटी ४२८५७१ मात्र कापरेकर संख्या नाही: तिचा वर्ग १८३६७३१०२०४१, आणि दोन भागांची बेरीज २८५७१४. पाच वेळा लिहिल्यावरच ती गुण दाखवते, आणि का, ते वरच्या ‘बाकी ५’ मध्ये आहे.

सरावासाठी बारा एक घ्या. अवयव ३, ७, ११, १३, ३७, १०१ आणि ९९०१ यायला हवेत. ९९०१ चे आवर्तन १२, म्हणून ती मूळ आहे हे ठरवायला १३, ३७, ६१, ७३, ९७ एवढेच भाजक पुरतात. सात वेगळे अवयव, म्हणून उजवीकडचे बारा अंक तोडणाऱ्या कापरेकर संख्या १२८. त्यांतली ७ च्या वाटपाची संख्या वरच्याच रीतीने काढा: १४२८५७ दोन वेळा म्हणून बाकी २, आणि २ × ४ = ८, म्हणून चौपट, ५७१४२८५७१४२८. वर्गाचे भाग ३२६५३०६१२२४४ आणि २४४८९७९५९१८४. मग ७ ऐवजी १३ घेऊन हेच पुन्हा करा. तिथे १/१३ चे ०७६९२३ हे सहा अंक लागतील.